कूलंट भरलं तरी गाडी पुन्हा तापते: तपासणी कुठून सुरू करायची

कोल्हापुरात गाडी तापल्याच्या तक्रारी दोन हंगामांत वाढतात. मे महिन्यात कोकणातून भरलेली गाडी करूळ, फोंडा, आंबोली नाहीतर आंबा घाट चढून वर येते तेव्हा, आणि कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉलीमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगावं लागतं तेव्हा. उपाय मात्र सगळीकडे एकच केला जातो, पाणी घाला आणि चला. पंधरा दिवसांत तापमानाचा काटा परत वर येतो, परत पाणी घातलं जातं, आणि तीन-चार वेळा असं झालं की आत कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) नावापुरतं उरतं. बंद प्रणालीतलं कूलंट आपोआप संपत नाही. ते कुठूनतरी बाहेर जातं, नाहीतर आत जळतं. ती वाट सापडेपर्यंत नवीन कूलंट भरणं म्हणजे पैसे ओतणं.

आधी लक्षणं नीट ओळखा

"गाडी तापते" एवढ्यावर काहीच ठरत नाही. कधी तापते, यावर निम्मं निदान होतं.

सिग्नलला किंवा गर्दीत उभी असताना काटा चढतो आणि हायवेला लागल्यावर आपोआप खाली येतो, तर पंख्याकडे बघा. गाडी पळताना वारा आपसूक मिळतो, उभी असताना तो पंख्यानेच द्यायचा असतो.

उलट, गावात ठीक चालते पण घाटात किंवा महामार्गावर वेग धरला की तापते, तर पंख्याचा दोष बहुधा नसतो. पाणी कमी फिरतंय किंवा रेडिएटरच्या जाळीतून उष्णता बाहेर पडत नाही. जाळी चोक, वॉटर बॉडीचा (कूलंट फिरवणाऱ्या पंपाचा) पंखा झिजलेला, बेल्ट सैल, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडणारा, यांपैकी काहीतरी निघतं.

काटा झपकन वर जातो, झपकन खाली येतो, आणि हीटर लावला तर कधी गरम तर कधी गार हवा येते, तर प्रणालीत हवा धरली आहे किंवा पातळी फार खाली गेली आहे. कूलंट नुकतंच बदललं असेल तर जवळजवळ नक्की हवा.

तापत नाही पण दर महिन्याला कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरते, खाली डाग मात्र नाही: रेडिएटरचं टोपण, हीटरची आतली जाळी किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला पातळ सील). पुढच्या सीटसमोरचं पायपुसणं चिकट ओलं लागत असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून तेलकट धुकं बसत असेल, तर हीटरची जाळी गळते आहे.

गाडी गरमच होत नाही, अॅव्हरेज घटलंय, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बहुतेक गाड्यांचा काटा मुद्दाम मंद ठेवलेला असतो. आतलं तापमान दहा-पंधरा अंशांनी खालीवर झालं तरी तो मध्यावरच दिसतो, त्यामुळे तो हलायला लागला तेव्हा बरंच काही घडून गेलेलं असतं. नव्या छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त लाल दिवा. अशा गाडीला स्वस्तातलं ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लागणारं छोटं यंत्र) लावून मोबाईलवर खरं तापमान बघावं. साधारण ८५ ते १०० अंश हे नेहमीचं, ११० च्या वर जाऊ लागलं तर गाडी बाजूला घ्यावी.

हात लावण्याआधी

गरम रेडिएटरचं टोपण उघडायचं नाही. आत दाब असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसतं. टोपण सुटताच दाब जातो आणि ते क्षणात उकळून तोंडावर येतं. वरचा पाईप उघड्या हाताने आरामात धरता येईल इतका थांबा. तासभर तरी लागतोच, उन्हात जास्त. पाईप दाबून बघा. तो दगडासारखा कडक असेल तर अजून थांबा.

घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. मे महिन्यात हे नको वाटतं, पण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच असतो. काटा लाल पट्ट्यात गेला तर मात्र इंजिन बंदच करा. आणि तापलेल्या इंजिनात ओढ्याचं गार पाणी ओतू नका. अॅल्युमिनियमचं हेड तिथेच वाकतं किंवा तडकतं.

पहिली तपासणी: पातळी, आणि बाटलीचा खोटेपणा

सकाळी, गाडी थंड असताना, सपाट जागेवर. बाटलीत पातळी दोन रेषांच्या मध्ये हवी. पण इथे बरेच जण फसतात. गाड्यांत दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत टोपण रेडिएटरवर असतं आणि बाजूची बाटली बिनदाबाची, नुसती साठवणीची असते. अल्टो, वॅगन-आरसारख्या जुन्या मारुती गाड्यांत ही पद्धत दिसते. दुसऱ्या पद्धतीत रेडिएटरला टोपणच नाही, जाड प्लास्टिकची बाटलीच दाबाखाली असते आणि चुडीचं टोपण तिच्यावर.

पहिल्या पद्धतीत बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हे सर्रास आढळतं. गाडी तापली की जादा पाणी बाटलीत जातं, थंड झाली की रेडिएटरने ते परत ओढून घ्यायचं असतं. टोपणाची परत ओढणारी छोटी झडप अडकली किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली, की पाणी परत येतच नाही. मालक रोज बाटली बघतो, समाधानी असतो, आणि आत दीड लिटर कमी. म्हणून थंड असताना टोपण उघडून रेडिएटरच्या गळ्यापर्यंत कूलंट आहे का, हे प्रत्यक्ष बघा.

तेवढ्यात रंगही बघून घ्या. तपकिरी, गढूळ असेल तर आत गंज आहे. दुधी किंवा चहासारखं आणि वर तेलाचा तवंग असेल तर तेल मिसळतंय, थेट शेवटच्या भागाकडे जा. रंग स्वच्छ आहे म्हणून कूलंट चांगलं आहे असं मात्र ठरत नाही, कारण रंग नुसता टाकलेला असतो आणि गंजरोधक संपले तरी तो तसाच राहतो.

टोपण

दोन-चारशे रुपयांची वस्तू आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित. कुकरच्या शिट्टीचं जे काम तेच याचं: आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत धरून ठेवणं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी इथे ९८ अंशांनाच उकळतं. इंजिन नेहमीच ८५ ते १०० अंशांवर चालतं. म्हणजे टोपण दाब धरत नसेल आणि आत साधं पाणी असेल, तर गाडी रोजच उकळण्याच्या उंबरठ्यावर असते. ०.९ बारचं (बार म्हणजे दाबाचं माप) टोपण नीट असेल तर तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं कूलंट आणि १.१ बारचं टोपण असेल तर ही मर्यादा १२५ च्या पुढे जाते.

टोपण काढून रबर बघा. चिरलेलं, कडक झालेलं, कडेला दबून खाच पडलेलं असेल तर बदला. मधली छोटी झडप नखाने ओढून सोडा, ती चटकन परत बसली पाहिजे. थंड गाडीचा वरचा पाईप चपटा झालेला दिसला तर ही झडप बंद अडकली आहे, हे पाईप न सोडवताच कळतं. नवीन टोपण घेताना वर छापलेला आकडा जुन्याइतकाच घ्या. "जास्त दाबाचं लावलं तर बरं" म्हणून १.१ च्या जागी १.४ चं लावलं, तर सगळ्यात कमजोर जागा फुटते, आणि ती बहुधा रेडिएटरची प्लास्टिकची टाकी असते.

जाळी बाहेरून चोक आहे का

याला खर्च काहीच नाही. बोनेट उघडून टॉर्च मारा. पुढे एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर, आणि दोघांच्या मध्ये बोटभर जागा. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि खरा कचरा या फटीत असतो. ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवर पाचटाचे तुकडे, गुऱ्हाळ-कारखान्यांची काजळी, किडे आणि काळी माती मिळून इथे नमदा तयार होतो. शिरोळ, करवीर, हातकणंगले भागातल्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या ज्या गाड्या वरवर धुऊन परत रस्त्यावर आल्या, त्यांच्या या फटीत आजही वाळलेला गाळ निघतो.

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला मारा, म्हणजे कचरा जसा आला तसा उलटा बाहेर जाईल. साधा बागेचा पाईप पुरे. सर्व्हिस सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की पातळ पत्रे आडवे होतात आणि वारा कायमचा अडतो.

पंखा

इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा थोड्या वेळात फिरायला लागतो. फिरला म्हणजे मोटर आणि तिची वायर जिवंत आहे. मग एसी बंद करून उभ्या गाडीत इंजिन तापू द्या. काटा मध्याच्या वर सरकायच्या आत पंखा लागला पाहिजे. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर सेन्सर किंवा स्विच बघायचा. दोन्ही वेळेला गप्प असेल तर आधी फ्यूज, मग रिले. सारख्याच नंबरचा दुसरा रिले डब्यात असतो, हॉर्नचा वगैरे. अदलाबदल करून बघायला पाच मिनिटं लागतात.

पंखा फिरतो, पण उलटा? मोटर बदलताना वायरी अदलाबदल झाल्या की असं होतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पंखा "चालू आहे". जाळीसमोर वर्तमानपत्राचा कपटा धरा. मागे बसवलेला पंखा वारा ओढतो, कागद जाळीला चिकटला पाहिजे. दूर उडाला तर पंखा उलटा फिरतोय.

इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बॅटरीची केबल काढल्याशिवाय हात पात्यांत घालू नका.

गळती

रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे पडला, त्याच्या बरोबर वर बघा. गळणारी जागा बऱ्याचदा कोरडी असते, कारण गरम इंजिनावर पाणी वाळून जातं. मागे पांढरी, हिरवी किंवा गुलाबी पापडी राहते. पाईपांची टोकं, क्लिपांच्या कडा, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा सांधा या जागा बघा. वॉटर बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. त्यातून ओघळ दिसला तर आतला सील गेला. ते भोक एमसीलने बुजवून आलेल्या गाड्या असतात. भोक बुजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि वॉटर बॉडी पूर्ण जाम होते.

डोळ्याला काही दिसत नसेल तर गॅरेजात हातपंपाने दाब देऊन तपासून घ्या. टोपणाच्या आकड्याइतकाच दाब द्यायचा आणि दहा मिनिटं काटा स्थिर राहतो का बघायचं.

रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती थांबवणारी पावडर टाकणं: ट्रकच्या जुन्या पितळी रेडिएटरला हळदीने दोन दिवस निघत असतील. आजच्या गाडीच्या नळ्या इतक्या बारीक असतात, की गळतीबरोबर हीटरची जाळी आणि निम्म्या नळ्याही बंद होतात. नंतर येणारं बिल रेडिएटरचं असतं.

आता कूलंटची परीक्षा

"आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग अँटिफ्रीझ कशाला?" हा प्रश्न दर वेळी येतो. इथल्या हिवाळ्यात गोठण्याचा धोका नाही, हे खरंच. पण त्या डब्यातलं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव) उकळण्याची मर्यादाही वाढवतं, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात मिसळलेले गंजरोधक. इंजिनात ओतीव लोखंड, अॅल्युमिनियम, कुठे तांबं, असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात भिजत असतात. गंजरोधक संपले की ते पाणी बॅटरीसारखं वागतं आणि अॅल्युमिनियम खातं. बोअरचं किंवा नळाचं पाणी घातलं तर त्यातला चुना इंजिनात सगळ्यात गरम जागी बसतो, म्हणजे जिथे थंडावा सर्वांत जास्त हवा तिथेच. क्लोराइड गंज वाढवतात ते वेगळंच. पंपावर हवेच्या मशीनशेजारी ठेवलेलं पाणी हे असलंच पाणी असतं. घ्यायचं ते बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी. घरच्या आरओचं पाणी अडीअडचणीला चालेल, कायमचं नको.

प्रमाण मोजण्याची साधनं दोन. काचेच्या नळीतला हायड्रोमीटर सर्वांत स्वस्त, पण गरम कूलंटमध्ये चुकीचं दाखवतो आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल असेल तर त्याचा उपयोगच नाही. रिफ्रॅक्टोमीटर त्याहून खूप चांगला: काचेवर दोन थेंब, झाकण मिटायचं, उजेडाकडे बघायचं. आधी डिस्टिल्ड पाण्याने शून्य लावून घ्या आणि एथिलीन ग्लायकॉलचीच पट्टी वाचा. त्याच चौकटीत प्रॉपिलीनची आणि बॅटरी ॲसिडचीही पट्टी असते.

रीडिंग गोठणबिंदूचं येतं. कोल्हापुरात त्याचा अर्थ प्रमाण म्हणून लावायचा. उणे ३७ च्या आसपास म्हणजे निम्मं-निम्मं, उत्तम. उणे २५ म्हणजे साधारण ४० टक्के, चालतं. उणे १६ म्हणजे ३० टक्क्यांच्या आसपास, इथे गंजापासून संरक्षण अपुरं पडायला लागतं. उणे ५ वगैरे दिसलं तर आत कूलंट नाही, रंगीत पाणी आहे. लडाख किंवा हिमाचलला निघणाऱ्यांनी ही तपासणी सोडूच नये, तिथे इंजिन ब्लॉक खरोखर फुटतो.

जास्त कूलंट म्हणजे जास्त चांगलं, हेही चूक. ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं. डबाच्या डबा कोरा ओतला तर गाडी जास्त तापते, आणि गंमत म्हणजे निव्वळ एथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. ६०-६५ टक्क्यांच्या वर जाण्यात काही अर्थ नाही.

पण प्रमाण बरोबर आहे म्हणजे गंजरोधक शिल्लक आहेत असं नाही. त्यासाठी पीएचची पट्टी बुडवा. ७ च्या खाली गेलं तर कूलंट आम्ल झालंय, बदला. साधा डिजिटल मल्टिमीटर असेल तर आणखी एक तपासणी होते. थंड इंजिन, चावी बंद. काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल वायरचं टोक कूलंटमध्ये बुडवा, धातूला टेकू देऊ नका. ०.३ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.५ च्या वर असेल तर कूलंट संपलं. मग इंजिन सुरू करून दिवे, ब्लोअर लावा. आकडा वाढला तर अर्थिंग खराब आहे आणि करंट कूलंटमधून वाट काढतोय. बाहेरून लावलेली म्युझिक सिस्टीम किंवा जादा दिवे असलेल्या गाड्यांत हे बघाच. नवा रेडिएटर वर्षभरात सडला, याचं कारण बऱ्याचदा ही न घट्ट केलेली एक अर्थची वायर असते.

बदलताना गणित चुकतं ते इथे

जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट साधारण दोन वर्षांनी, सेंद्रिय आम्लाचं लाँग-लाइफ कूलंट पाच वर्षांच्या आसपास, पण शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा. रंगावरून जात ओळखू नका. गुलाबी, निळं, हिरवं, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. दोन जातींचं मिश्रण कधी घट्ट गाळ धरतं, कधी नुसतं आयुष्य निम्मं करतं. आत काय आहे ते माहीत नसेल तर वर भर घालू नका, सगळं काढा.

गाडी थंड, हीटर पूर्ण गरमवर, खाली मोठं घमेलं. रेडिएटरचा खालचा प्लास्टिकचा नळ हाताने हळू फिरवा. जुना झाला की तुटतो, पकडीने जोर लावू नका. नळ नसेल तर खालचा पाईप सोडा. मग टोपण उघडा, धार मोकळी होते. जे बाहेर आलं ते मोजा. याला कुणी महत्त्व देत नाही आणि पुढचं सगळं त्यावरच आहे.

समजा पुस्तकात क्षमता ५ लिटर आहे (छोट्या गाड्यांत साडेतीन ते पाच, मोठ्या डिझेल गाड्यांत सात-आठच्या पुढे). घमेल्यात ३ लिटर आले. उरलेले २ लिटर ब्लॉकमध्ये आहेत. आता आतून स्वच्छ करायला डिस्टिल्ड पाणी भरून गाडी तापवली, थंड केली, परत काढलं, दोन-तीनदा केलं, तर ब्लॉकमधले ते २ लिटर आता जवळजवळ निव्वळ पाणी आहे. यावर तुम्ही दुकानातलं तयार निम्मं-निम्मं मिश्रण ३ लिटर ओतलंत तर त्यात ग्लायकॉल फक्त दीड लिटर. ५ लिटरांत दीड म्हणजे ३० टक्के. ताजं, महागडं कूलंट भरून पहिल्याच दिवशी प्रमाण घसरलं. म्हणून धुतल्यानंतर तयार मिश्रण नको, कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या. क्षमतेच्या निम्मं, म्हणजे २.५ लिटर कॉन्सन्ट्रेट, मग अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी. तयार मिश्रण तेव्हाच वापरा, जेव्हा जुनं कूलंट स्वच्छ, त्याच जातीचं होतं आणि धुण्याची गरज पडली नाही.

भरताना घाई नको. गाडीचं नाक थोडं चढावर ठेवा. हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करून बुडबुडे जाऊन सलग धार येईपर्यंत थांबा. बारीक धारेने ओता, मधे मधे वरचा पाईप दाबत राहा. इंजिन सुरू करा, टोपण उघडं, हीटर चालू. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि खालचा पाईप गरम लागतो, तेव्हा भर घाला. (दाबाची बाटली असलेल्या गाडीत खालच्या-वरच्या रेषांच्या मध्येच ठेवा, काठोकाठ भरू नका. टोपण लावून चालवायचं की कसं, ते पुस्तकात बघा.) टोपण लावून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालवा. हीटरमधून सलग गरम हवा आली म्हणजे हवा निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी परत बघा, बहुधा थोडी उतरलेली असतेच.

जुनं कूलंट गटारात ओतू नका. शहरातले नाले शेवटी पंचगंगेलाच मिळतात. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री आणि गुरं ते चाटतात, आणि माणसालाही शंभर मिलीच्या आसपास जीवघेणं ठरू शकतं. सांडलं तर लगेच धुऊन टाका. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. डब्यात नाव लिहून गॅरेजला द्या, जिथे जुनं ऑइल गोळा होतं.

थर्मोस्टॅट

"काढून टाका, आपल्याकडे लागत नाही." हा सल्ला अजून दिला जातो. थर्मोस्टॅट काढला की इंजिन गार चालतं, कॉम्प्युटर जास्त इंधन टाकतो, सिलिंडरची झीज वाढते. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तो नसला तर काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत फिरतं, आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

खात्री करायची तर बाहेर काढून भांड्यात पाण्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर. अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास उघडायला सुरुवात व्हायला हवी आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडायला हवा. बसवताना नवीन रबर सील, आणि बारीक छिद्र किंवा डुलणारी पिन वरच्या बाजूला, म्हणजे हवा अडकणार नाही.

इथे थांबा, मिस्त्रीकडे न्या

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा पाईप कडक होतो. टोपण उघडं ठेवून इंजिन चालू केलं तर गळ्यात बुडबुडे थांबतच नाहीत, हवा काढून झाली तरी. गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. ऑइलच्या दांडीवर दुधी चिखल. यांपैकी एकही असेल तर ज्वलनातला वायू कूलंटमध्ये किंवा कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या टोपणाखाली जरासा पांढरा थर येतो, तो नुसता ओलावा असू शकतो, म्हणून निर्णय दांडी बघून करा. गॅरेजात निळं द्रव वापरून वायूची चाचणी होते. द्रव पिवळं किंवा हिरवट पडलं तर शंका उरत नाही.

वॉटर बॉडी टायमिंग बेल्टवर चालत असेल तरी स्वतः हात घालू नका. एक दात चुकला तर व्हॉल्व्ह वाकतात. हीटरची जाळी बदलायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तेही घरचं काम नव्हे. आणि काटा एकदा पूर्ण लाल पट्ट्यात जाऊन इंजिन आपोआप बंद पडलं असेल, तर "थंड झाली, चालू झाली" म्हणून गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या.

हेड उतरवायची वेळ आलीच तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) हेडचा वाक मोजायला सांगा. छोट्या अॅल्युमिनियम हेडांना ०.०५ मिलिमीटरच्या आसपासचाच वाक चालतो. त्याहून जास्त असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात (वर्कशॉपांच्या भागात) फेसिंग, म्हणजे हेडचा तळ मशीनवर घासून सपाट, करून घ्यायचं, तडा आहे का याचं प्रेशर टेस्टिंग फेसिंगच्या आधी करायचं, आणि किती घासलं तो आकडा लिहून घ्यायचा, कारण कंपनीने घासण्याची मर्यादा दिलेली असते. हेडचे बोल्ट एकदाच ताणायचे असतील तर नवेच लागतात, ते गॅस्केटबरोबरच मागवा. आणि मिस्त्रीला "गाडी तापते" असं न सांगता उभी असताना की चढावर, महिन्याला किती मिली भर घालावी लागते, टोपण कधी बदललं, रिफ्रॅक्टोमीटरचं रीडिंग काय, हे कागदावर लिहून द्या.